मेल्यावर बोलायची सोय

नववीत असताना मी शाळा सोडली ती चंद्रपूरकडच्या एका गावात. पुन्हा शाळेच्या बाकावर बसलो तो थेट रत्नागिरीत, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. हातात मोबाईल होता आणि मागे पर्यवेक्षक बाई उभ्या होत्या. मधल्या वर्षांत मी बर्फ करायला शिकलो, एवढीच काय ती प्रगती.

बंदरावरच्या एका बर्फ कारखान्यात मी कॉम्प्रेसर सांभाळतो. हे काम मुख्यतः ऐकायचं आहे. मशीन सुरळीत असतं तोवर त्याचा आवाज कुणाच्या कानात शिरत नाही. ठोका जरा बदलला, आत कुठे खरखर आली, की मी झोपेतनंही उठून बसतो. एवढा एक गुण सोडला तर मी घाबरट माणूस आहे. बँकेत फॉर्म भरताना घाबरतो, डॉक्टरनं "बसा" म्हटलं तरी घाबरतो.

इथे आलो त्या पहिल्या वर्षी मी दिवसचे दिवस कुणाशी बोललो नाही. माणसं वाईट होती असं अजिबात नाही. पण इथली माणसं तोंडावर काही विचारत नाहीत. "काय, जेवण झालं?" एवढंच विचारतात, आणि तुम्ही हो कसं म्हणता त्यावरून तुमचं सगळं ओळखून घरी जाऊन एकमेकांना सांगतात. आमच्याकडे बसमध्ये शेजारी बसलेला माणूस पहिल्या थांब्याच्या आत पगार विचारतो. मला इथे वर्षभर कुणी पगार विचारला नाही, म्हणून मला रडू यायचं.

अशात मोबाईलवरच्या खेळाची सवय लागली. चार विरुद्ध चार, बंदुकांचा खेळ. एक बाजू जागा राखते, दुसरी ती घ्यायला येते. फेरीत ज्याला गोळी लागली तो मेला. फेरी संपेपर्यंत त्यानं नुसतं बघायचं. बघायला मात्र भरपूर मिळतं. मेलेल्याला आपल्या जिवंत सोबत्यांचे पडदे दिसतात, एकाच्या डोळ्यातनं बघून झालं की दुसऱ्याच्या. पण बोलता येत नाही. खेळात जो आवाजाचा रस्ता दिलेला आहे तो मेल्याक्षणी बंद होतो.

माझ्याकडे तीन सोबती नव्हते. मग खेळच अनोळखी तिघांशी जोडून द्यायचा. ते तिघं बहुतेक वेळा एकमेकांचे दोस्त असत आणि बाहेरच्या कुठल्याशा ॲपवर आपसात बोलत असत. मला काही ऐकू येत नसे. ते डावीकडे पळाले की मी समजायचो, डावीकडे जायचं ठरलंय. कधी पोचायचो, कधी वाटेतच मरायचो. मेलो तरी कुणी काही म्हणायचं नाही. म्हणजे म्हणत असतील, मला कळायचं नाही.

मग तांडेल आला. तांडेल म्हणजे बोटीवरचा मुख्य; खलाशांनी त्याचं ऐकायचं असतं, आणि हा तर न ऐकणाऱ्यालाही ऐकवतो. बर्फाच्या लाद्या फुटून बोटीत जाईपर्यंत तो माझ्या खोलीच्या दारात उभा राहायचा. एक दिवस मागून म्हणाला, "काय रे बर्फा, त्या भिंतीआड कोण हाय ते ऐकू येत नाय तुला? पावलं वाजतायत की!" मी म्हटलं, "ऐकू येऊन राह्यलं जी, पण हात कापतात." त्याला माझं "येऊन राह्यलं" इतकं आवडलं की तो तेच घोळवत बोटीवर गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं मला आपल्या संघात घेतलं. त्यांचा चौथा माणूस जहाजावर नोकरीला गेला होता.

संघात आणखी दोघं होती. एक बागवाले, पावसला त्यांची हापूसची कलमं. शेतीतलं मोठं शिक्षण झालेलं, शत्रूला गोळी घातल्यावरही "माफ करा हं" म्हणतात. दुसऱ्या वहिनी, म्हणजे मी ज्यांच्या परसातल्या खोलीत भाड्यानं राहतो त्या घरची सून. लांबून नेम धरून मारणं हे त्यांचं काम. भाताचा कुकर चढवायचा आणि तीन शिट्ट्यांत दोन माणसं टिपायची. मी वर्षभर त्या घरात राहत होतो आणि त्या खेळतात हे मला माहीत नव्हतं. मी खेळतो हे मात्र त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं.

वहिनींनीच माझ्या मोबाईलमध्ये बोलायचं ॲप घातलं, खातं उघडलं, पासवर्डही त्यांनीच ठरवला. "भावजी, खेळातल्या आवाजावर काही अर्थ नाही," त्या म्हणाल्या, "मेलं की गप्प. इथे कसं, मेलं तरी चालू."

ही सोय माझ्यासाठीच केली असावी असं पुढे झालं. जिवंतपणी मी निकामी होतो. फेरी सुरू झाली की अंगठे थरथरायचे, आणि बहुधा पहिला मी मरायचो. पण मेलो की भीती एकदम जायची. जाण्यासारखं काही उरलेलंच नसायचं. मग मी शांतपणे तिघांचे पडदे आलटून पालटून बघायचो आणि ऐकायचो. वहिनींच्या पडद्यात उजवीकडे पत्रा वाजला. बागवाल्यांच्या मागे कुणीतरी थांबून बंदूक भरतोय. "बागवाले, वळू नका, दोन पावलं मागे या. वहिनी, पत्र्याआड एक. तांडेल, तुमच्याकडे कुणी नाही जी, घाबरू नका." आम्ही जिंकायला लागलो. पुढे पुढे तर मला गोळी लागली की तांडेल समाधानानं म्हणायचा, "मेलास काय रे? बरं झालं. आता बोल."

सामना सुरू व्हायच्या आधी तांडेल गाऱ्हाणं घालायचा. कोकणात कामाला हात घालण्याआधी जाणता माणूस मोठ्यानं देवाला सांगणं घालतो आणि बाकीचे हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणतात, ते. पडद्यावर जागा कुठली ते दिसायला लागलं, की तांडेल सुरू. जागा दिसल्याशिवाय घालून चालत नाही, कारण शीव कुठली नि राखणदार कोण ते कळल्याशिवाय हाक कुणाला मारणार? बाकी दोघं हात जोडत. मी तोंडानं "व्हय म्हाराजा" म्हणायचो, पण हात काही जोडले नाहीत. आमच्याकडे ती रीत नाही, आणि फोन पडेल अशी भीती.

त्या ॲपचं खरं सुख वेगळंच होतं. सामना संपला तरी ते बंद होत नसे. जून-जुलैत मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या, कारखाना थंड. दिवसभर फोन खिशात आणि ॲपवर आमचा चौघांचा ग्रुप चालू. वहिनी नारळ खवताहेत, बागवाल्यांचा कुत्रा भुंकतोय, तांडेल जाळं दुरुस्त करता करता कुणाला तरी शिव्या देतोय. कुणी माझ्याशी बोलत असायचंच असं नाही. पण मी कॉम्प्रेसर पुसत असताना कानात तीन घरं वाजत असायची. मला घाबरायला वेळच मिळेना.

जुलैत बंदरावरच्या गणपती मंडळानं या खेळाची स्पर्धा जाहीर केली, आणि बाहेरच्या ॲपवरनं वाद उभा राहिला. आदल्या वर्षी सगळे संघ एका हॉलमध्ये बसवले होते. एका संघाचा मावसभाऊ प्रेक्षकांत बसून समोरच्यांच्या पडद्यात डोकावत होता आणि फोनवर इत्थंभूत वार्ता पुरवत होता. जिंकले ते. बक्षीस मावसभावानं घेतलं हे सगळ्यांना जास्त खटकलं.

म्हणून सभा भरली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्यांनी जन्मात हा खेळ पाहिलेला नव्हता, त्यामुळे निकाल निःपक्षपाती लागणार अशी सर्वांची खात्री होती.

जायच्या आधी वहिनींनी आम्हाला पढवून ठेवलं होतं. "मेल्यावर बोलतो हे काढायचंच नाही. खेळातल्या आवाजात खरखर येते, एवढंच म्हणायचं." मी मान डोलावली. मला काळजी वेगळीच होती. बंदी आली तर संघाला पहिला फालतू होणार तो मी. जिवंत असताना मी काय कामाचा, हे चौघांनाही माहीत होतं. संघ गेला की ग्रुप जाणार, आणि मी पुन्हा "जेवण झालं?"ला हो म्हणत फिरणार.

सभेत खरखरीचा मुद्दा दोन मिनिटं टिकला. दुसऱ्या संघातला एकजण उठून म्हणाला, "खरखर राहू दे बाजूला. ह्यांचा मेलेला माणूस बोलतो."

गुरुजींनी चष्मा काढला. "मेलेला बोलतो कसा?"

तांडेल उभा राहिला. "गुरुजी, आपल्याकडं मेलेला गप्प बसलाय असं कधी झालंय? देवळात कौल लावला की पूर्वज बोलतातच की, अमकी पूजा चुकली, तमकं वडं घातलं नाय."

"पूर्वज विचारल्यावर बोलतात," गुरुजी म्हणाले. "तुमचा हा न विचारता बोलतो."

सभा हसली. मग गुरुजींचं बोट माझ्याकडे वळलं. "तुम्ही उठा. तुम्ही लांबचे. इथे तुमचं कुणाशी नातं नाही, वैर नाही. तुम्ही सरळ सांगा. हे बाहेरचं साधन स्पर्धेत असावं की नसावं?"

मी उठलो. मुख्याध्यापकानं उभं केल्यावर मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे खरं बोलणं. त्याचसाठी मी लहानपणी मार खाल्ला होता. वहिनी पुटपुटत होत्या, "खरखर, खरखर."

"गुरुजी, मी आधी एकटाच खेळत होतो जी," मी म्हटलं. "बाकीचे तिघं बाहेरच्या फोनवर बोलत. मला काहीच कळत नव्हतं. ते घरात जेवून राह्यले आणि मी बाहेर ओट्यावर बसून वास घेऊन राह्यलो, असं वाटे. आता मी घरात आहे. पण ओट्यावर कुणीतरी असंलच ना? आणि मेल्यावर तर मी तिघांचंही बघतो. ते... ते कॉपीच झालं जी."

"म्हणजे?"

"नसावं जी."

कॉपी हा शब्द गुरुजींना लगेच कळला. ॲपबिप राहिलं बाजूला. त्यांनी तिथल्या तिथे नियम लिहिला: स्पर्धकाच्या मोबाईलमध्ये बाहेरील बोलण्याचे साधन नसावे. शिवाय स्पर्धा शाळेत, एका संघाचे चौघं चार वेगळ्या वर्गांत, प्रत्येक वर्गात पर्यवेक्षक. जे बोलायचं ते खेळातल्या आवाजात, आणि जिवंतपणीच.

बाहेर आल्यावर बागवाले म्हणाले, "चांगलं बोललात हो, मुद्देसूद." ते नेमके कौतुक करतात की चिमटा काढतात हे मला अजून कळत नाही. वहिनी चपला घालून पुढे चालू लागल्या. तांडेल स्कूटर चालू करता करता म्हणाला, "न्याय केलास. आता न्यायच खा."

स्पर्धेला दोन दिवस होते. मी खोलीत गेलो, नियमाचा कागद पुन्हा वाचला आणि ॲप मोबाईलमधून काढून टाकलं. नसावे म्हणजे नसावे. शाळा अर्धवट सोडलेला माणूस लिहिलेलं वाचतो ते तसंच्या तसं. मधल्या वाटा पुढच्या इयत्तांत शिकवत असावेत.

ते दोन दिवस मोबाईल गप्प. कारखान्यात हंगामाआधीची डागडुजी चालू होती. मी पहाटेच मागच्या दारानं निघायचो, वहिनी दिसू नयेत म्हणून. एकदा विहिरीपाशी गाठ पडलीच. त्या थांबल्या, माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जेवण झालं?" मी म्हटलं, "हो." त्या निघून गेल्या. झालं, मी मनाशी म्हटलं, पुन्हा पहिल्या वर्षात आलो. त्यांनी दुसरा चौथा माणूस बघितला असणार. स्पर्धेला मी जातोय तो केवळ यादीत नाव आहे म्हणून.

शाळेच्या फाटकावर मंडळाचा कार्यकर्ता प्रत्येकाचा मोबाईल हातात न घेताच विचारत होता, "ॲप बंद हाय ना?" लोक "हाय" म्हणून आत जात होते. मी त्याला ॲप नसलेला मोबाईल उघडून दाखवायला लागलो तर तो म्हणाला, "जा हो आत, गर्दी करू नका."

मला नववीचा वर्ग मिळाला. बाकावर कुणीतरी कर्कटकानं बदाम कोरला होता. पर्यवेक्षक बाई माझ्या मागेच उभ्या.

जागा निघाली ती जुनं बंदर: रिकामे कंटेनर, गंजकी क्रेन. राखायची बाजू आमची. वेळ संपेस्तोवर एकजण जरी तग धरून राहिला तरी फेरी राखणाऱ्यांची. फेरी सुरू झाल्याची घंटा झाली, तेव्हाच खेळातला आवाज उघडला, आणि कानात तांडेल:

"बा देवा म्हाराजा, ह्या बंदराच्या राखणदारा..."

आमच्या ॲपवर गाऱ्हाणं घंटेच्या आधी उरकायचं. खेळातला आवाज घंटेनंतर सुरू होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. पण म्हणून तांडेल गाऱ्हाणं न घालता राहील होय?

"...आज ही तुझी चार लेकरं चार वर्गांत बसलीयत..."

"व्हय म्हाराजा," बागवाले.

"...त्यांच्या पाठीशी उभा ऱ्हा..."

"व्हय म्हाराजा," वहिनी.

पाठीशी उभे होते ते शत्रू. तिघांनी मोबाईल बाकावर ठेवून हात जोडले असणार. पडद्यावर मला दिसलं, वहिनी जागच्या जागी पडल्या. मग बागवाले. तांडेल "कोणाची वाकडी नजर—" इथपर्यंत आला आणि आवाज तुटला.

मी एकटा जिवंत.

कानात काही नाही. ते तिघं आपापल्या वर्गात ओरडत असणार, माझ्या पडद्यात बघून मला सांगत असणार, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. ही व्यवस्था मी स्वतः सभेत उभं राहून मागून घेतली होती.

शूरपणा करावा असं मनातही आलं नाही. मी सगळ्यात जवळच्या कंटेनरमध्ये शिरलो, कोपऱ्यात बसलो आणि अंगठे पडद्यावरून उचलले. मग ऐकत राहिलो. चार जोड पावलं. एक क्रेनकडे गेली. दोन माझ्यावरच्या पत्र्यावरून चालली, थांबली. कॉम्प्रेसर बिघडायच्या आधी असाच एक ठोका गाळतो. पावलं पुढे गेली. मी हललो नाही. शेवटी वेळ संपली आणि पडद्यावर आलं की फेरी आम्ही जिंकलो.

पुढच्या तीन फेऱ्या हरलो आणि सामना गेला. गाऱ्हाणं पुन्हा घातलं नाही, देवाला एकदा सांगून झालं होतं. तिन्ही वेळा मी पहिला मेलो, आणि मेल्यावर सवयीनं पुटपुटायला लागलो, "वहिनी, पत्र्याआड एक, पत्र्याआड..." बाई म्हणाल्या, "बोलू नका. इथे कुणाला ऐकू जातंय?"

बाहेर पटांगणात तिघं आंब्याखाली उभी होती. मी ठरवलं होतं, आभार मानायचे आणि निघायचं. वर्षभर घरात घेतलंत, खूप झालं.

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "भावजी, बोलायचं नसेल तर नका बोलू, पण दोन दिवस हाका मारतोय, नुसतं हूं तरी म्हणायचं होतं."

"कुठं मारल्या हाका?"

"कुठं म्हणजे? ग्रुपवर!"

"ते तर काढून टाकायचं होतं ना जी. नियमच होता."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुम्ही काढलंत?" बागवाले म्हणाले. "अहो, नसावे म्हणजे चालू नसावे. सबंध रत्नागिरीत कुणी काढलं नसेल हो."

"ह्याला वाटलं आम्ही बोलत नाय," तांडेल म्हणाला, "आणि आम्हाला वाटलं हा तोऱ्यात हाय. आणि तुझ्या खोलीपासून ह्यांचं स्वयंपाकघर किती लांब?"

"वीस पावलं," वहिनी म्हणाल्या. "मी विचारलं की विहिरीवर."

"काय विचारलंत?" तांडेल म्हणाला.

"जेवण झालं का म्हणून."

वहिनींनी माझा मोबाईल घेतला, तिथेच आंब्याखाली ॲप पुन्हा घातलं. पासवर्ड त्यांनाच माहीत होता. ग्रुप उघडला तसे दोन दिवसांचे आवाजातले निरोप धडाधड येऊन पडले. मी पहिला लावला. मागे नारळ खवल्याचा आवाज, आणि वहिनी: "भावजी, तांडेल रागानं बोलले, मनावर घेऊ नका. आहात का?" मग तांडेल: "काय रे बर्फा, रुसलास काय? बरं, तू नाय बोलत तर मी पण नाय बोलत." त्यानंतर तीन मिनिटांनी पुन्हा तांडेल: "हॅलो?"

"हे जुनं कशाला ऐकतोस?" खरा तांडेल खेकसला. "आम्ही इथं समोर उभे हाव. मेल्यावर बसल्या जागी मी त्या वर्गात केवढा बोंबललो, पत्र्यावर हायत, पत्र्यावर हायत! ते सांगू दे की मला!"

"एक मिनिट जी," मी म्हटलं.

अजून तेवीस निरोप होते. त्या तिघांच्या बोलण्यात मला नीट ऐकू येईना. मी मोबाईल कानाला घट्ट लावला, त्यांच्याकडे पाठ केली आणि पटांगणाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिलो.